न पेरलेली सहा वर्षे

अलिबाग–वडखळ रस्त्यालगतच्या चरी गावात २७ ऑक्टोबर १९३३ रोजी शेतकऱ्यांची सभा भरली. खोत-सावकारांच्या जमिनी यापुढे कसायच्या नाहीत, असा निर्णय त्या सभेत झाला. चरी, कोपर आणि आसपासची मिळून २५ गावे त्यात उतरली. नेतृत्व नारायण नागू पाटील यांचे होते. संप मिटला तो १९३९ मध्ये. इतका दीर्घ चाललेला शेतकरी संप भारताच्या इतिहासात दुसरा सापडणे कठीण.

मुंबईच्या गिरणी कामगारांचा १९२८ चा गाजलेला संप सुमारे सहा महिने चालला होता. त्या कामगारांच्या मागे शहर होते, वर्तमानपत्रे होती, युनियन होती. चरीच्या कुळांपाशी यातले जवळजवळ काहीच नव्हते. त्यांचे उत्पन्नाचे साधन एकच, भातशेती, आणि तीच त्यांनी स्वतः थांबवली. उपाशी पोटी सहा वर्षे कोणी लढू शकत नाही. मग ही माणसे काय खाऊन लढली, हा या प्रकरणाचा मुख्य प्रश्न आहे. विषमता आणि आंदोलन यांचे नाते समजून घेण्याची किल्ली त्याच्या उत्तरात आहे.

जमीन कोणी घडवली

आजच्या रायगड जिल्ह्याला १ जानेवारी १९८१ पर्यंत कुलाबा म्हणत. या जिल्ह्यातल्या अलिबाग, पेण आणि उरण तालुक्यांचा खाडीलगतचा सखल पट्टा म्हणजे खारेपाट. इथली बरीचशी शेतजमीन निसर्गाने तयार करून दिलेली नाही. भरतीचे पाणी जिथे दिवसातून दोनदा येत असे, तिथे पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी चिखल, माती आणि दगड रचून बांध घातले. पावसाचे पाणी बाहेर सोडायला आणि भरतीचे पाणी अडवायला बांधात उघाड्या ठेवल्या. मग काही पावसाळे जमिनीतला खार धुऊन निघू दिला, तेव्हा कुठे तिथे भात पिकू लागला.

अशा जमिनीला सतत राखण लागते. उधाणाच्या भरतीला बांधाला खांड पडली आणि ती वेळेत बुजवली नाही, तर खारे पाणी आत शिरते आणि पुढची दोन-तीन वर्षे पीक हातचे जाते. खांड पडली की घराघरांतून माणूस बाहेर पडणार, घमेली-फावडी घेऊन ओहोटीच्या आत काम उरकणार, हा इथला जुना रिवाज. एकत्र येऊन बांध राखण्याच्या या पद्धतीला ‘जोळ’ म्हणत.

बांध ज्याने घातला, खांड ज्याने बुजवली, त्याच्या नावावर मात्र जमीन नव्हती. कागदोपत्री ती खोताची किंवा सावकाराची होती. खोत हा मुळात सरकार आणि रयत यांच्यामधला वसुलीचा दुवा. गावाचा सारा सरकारात भरायचा आणि कुळांकडून वसूल करायचा, हे त्याचे काम. इंग्रजी अमलात हा हक्क वंशपरंपरागत मालकीसारखा घट्ट झाला. १८८० च्या खोती कायद्याने त्याला चौकट मिळाली. कर्जापायी गहाण पडलेल्या जमिनी सावकारांकडे गेल्या, आणि सावकारही खोताच्याच रीतीने कुळांकडून खंड घेऊ लागले. ज्याच्या पूर्वजांनी समुद्र मागे सारून जमीन काढली, तो त्याच जमिनीवर दुसऱ्याच्या मर्जीने राहू लागला.

खळ्यावरचा हिशेब

विषमता म्हटले की आपल्याला टक्केवारी आणि आलेख आठवतात. खारेपाटात ती दरवर्षी मळणीच्या दिवशी खळ्यावर डोळ्यांदेखत मोजली जात असे. ती कशी मोजली जाई, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. आकडे समजण्यापुरते आहेत, पद्धत मात्र खरी आहे.

समजा एका कुळाच्या शेतात १०० मण भात झाले. जमीन अर्धलीने केलेली, म्हणून ५० मण मालकाचे. ज्येष्ठ-आषाढात घरातले धान्य संपलेले असते. तेव्हा बियाण्याला आणि खावटीला मिळून त्याने मालकाकडूनच २० मण भात उसने आणले होते. ते दिढीने फेडायचे, म्हणजे ३० मण. खळ्यावरून घरी येतात २० मण. त्यातच वर्षभराचे खाणे, मीठ-मिरची, कपडालत्ता, बैलाचा खर्च, आजारपण आणि लग्नकार्य. पुढच्या पावसाळ्याचे बियाणे त्यातून उरत नाही, म्हणून पुन्हा मालकाच्या दारात उभे राहणे आले.

आता एक वाईट वर्ष धरू. बांधाला खांड पडली आणि पीक ६० मणांवर आले. जमीन अर्धलीऐवजी ठरलेल्या मक्त्याने घेतली असेल, तर पीक कमी झाले म्हणून मक्ता कमी होत नाही. ५० मण मालकाला गेले, १० उरले, आणि फेड ३० मणांची. २० मण बाकी राहिली. तीच बाकी दिढीने पुढच्या वर्षी ३० मण होते. त्यात नव्या उसनवारीचे ३० मण मिळवले की पुढच्या मळणीला ६० मण द्यायचे, आणि मक्त्याचे ५० वेगळे. म्हणजे १०० मण पिकले तरी कूळ १० मणांनी बुडीत. एक खांड पडली आणि घर दोन वर्षांत कायमचे कर्जात गेले. इथे आळस नाही, उधळपट्टी नाही, व्यसन नाही. ठरलेल्या नियमांनी चाललेला हा सरळ हिशेब आहे.

त्यावर कबुलायतीच्या अटी होत्या. कबुलायत म्हणजे कुळाने मालकाला लिहून दिलेला करार. बहुतेक कुळांना वाचता येत नसे, अंगठा तेवढा उठे. जमिनीची मशागत आणि बांधबंदिस्ती कुळाने स्वखर्चाने करायची, मालक मागेल तेव्हा जमीन सोडायची, असल्या अटी त्यात असत. शिवाय कागदावर नसलेली, पण मोडता न येणारी वेठ होती. मालकाच्या घरचे काम आधी, आपले नंतर. बांधावर लावलेल्या भाजीतही मालकाचा वाटा.

१९२९ नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले. कपडा, मीठ, औषध यांसाठी जे थोडे भात विकायचे, त्याचे पैसे आणखी कमी येऊ लागले. आधीच काठावर असलेली घरे काठाखाली गेली.

अन्याय असतोच, लढा का होत नाही?

ही परिस्थिती एकट्या चरीची नव्हती. कोकणभर, देशभर हेच चालले होते. मग लढा चरीतच का उभा राहिला? या प्रश्नावर जगभरच्या अभ्यासकांनी विचार केला आहे, आणि त्यांच्या तीन उत्तरांचा इथे उपयोग होतो.

अमेरिकी अभ्यासक टेड गर यांनी १९७० मध्ये मांडले की माणूस निव्वळ गरिबीमुळे बंड करत नाही. आपल्याला जे मिळायला हवे असे त्याला वाटते आणि जे प्रत्यक्षात मिळते, यांतले अंतर वाढले की असंतोष पेटतो. जेम्स स्कॉट यांनी १९७६ मध्ये आग्नेय आशियातल्या शेतकऱ्यांबद्दल लिहिताना यात भर घातली. मालकाने किती नेले, यापेक्षा आपल्या घरात किती उरले, यावर शेतकरी न्याय-अन्याय ठरवतो. वर उरलेले २० मण आठवावेत. मालकाचा अर्धा वाटा पिढ्यान्‌पिढ्या सहन झाला होता. घरी येणारे धान्य जगण्याच्या रेषेखाली गेले, तेव्हा सहन करणे थांबले.

तिसरे उत्तर मँकर ओल्सन यांचे, १९६५ मधले. लढ्याचा फायदा सर्वांना मिळणार असेल, तर प्रत्येकाला वाटते की त्रास दुसऱ्याने सोसावा. त्यामुळे मोठ्या समूहाचा लढा उभाच राहत नाही. छोट्या, एकमेकांना ओळखणाऱ्या समूहात मात्र पळवाट काढणाऱ्यावर डोळा ठेवता येतो.

खारेपाटात हा डोळा आधीपासून होता. बांधाला खांड पडल्यावर जो घरी बसतो, त्याच्यामुळे सगळ्यांचे शेत बुडते, हे इथल्या पोराटोरांनाही ठाऊक. सगळ्यांनी एकदम बाहेर पडायचे, कोणी मागे राहिला तर गावाने जाब विचारायचा, ही शिस्त समुद्राने लावली होती. संपाला हीच शिस्त लागते. चरीच्या लढ्याची संघटना एका सभेत जन्मली नाही. तिची तालीम बांधावर पिढ्यान्‌पिढ्या चालू होती, असे माझे ठाम मत आहे.

त्या शिस्तीला शब्द आणि दिशा देणारा माणूसही मिळाला. १८९२ मध्ये जन्मलेले नारायण नागू पाटील आगरी समाजातले, त्याच मातीतले. त्यांनी अनंतराव चित्रे यांच्यासह कुलाबा जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या परिषदा भरवल्या. सरकारने सभांवर बंदी घातली. बंदी उठताच चरीची सभा झाली.

संपाची शिदोरी

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ही माणसे काय खाऊन लढली?

कारखान्यातल्या कामगाराचा पगार थांबला की आठवड्याभरात चूल थंडावते. चरीच्या कुळांचे शेत थांबले, तरी गावाच्या एका बाजूला खाडी होती आणि दुसऱ्या बाजूला डोंगर. संपाच्या काळात लोकांनी खाडीतली मासळी, चिंबोऱ्या, कालवे यांवर दिवस काढले. डोंगरातून लाकूडफाटा आणून विकला. उन्हाळ्यात करवंदे विकली. काही जणांनी मजुरीसाठी गाव सोडले आणि घरी पैसे पाठवले. हाल फार झाले. घरातले किडुकमिडुक विकले गेले, मुलांच्या शाळा सुटल्या. या हालांतला मोठा वाटा बायांच्या डोक्यावर होता. पहाटे चिखलात उतरून मासळी धरणे, डोक्यावर पाटी घेऊन बाजार गाठणे आणि त्यातून चूल पेटवणे त्यांनी केले, म्हणून संप टिकला.

खाडीचा मालक कोणी नव्हता. डोंगराचा मालक सरकार होते, पण लाकूडफाटा आणि करवंदे गोळा करण्याची वहिवाट जुनी होती. खोताला कुळाची जमीन काढून घेता येत होती. खाडी काढून घेता येत नव्हती. सामाईक साधनांवरचा हा हक्क हीच संपाची खरी शिदोरी होती. मी याला संपाचा निधी म्हणतो. कामगार संघटना वर्गणी गोळा करून निधी साठवते; इथे तो निधी भरती-ओहोटीने रोज भरून येत होता.

डोंगरावरच्या हक्काची किंमत हा किनारा आधीच मोजून बसला होता. चरीच्या सभेच्या तीनच वर्षे आधी, २५ सप्टेंबर १९३० रोजी, आजच्या उरण तालुक्यातल्या चिरनेर गावी अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रह झाला. जंगलातून लाकूड आणि गवत आणण्यावर सरकारने घातलेले निर्बंध मोडण्यासाठी आसपासच्या गावांतून लोक जमले होते. पोलिसांनी गोळीबार केला. चिरनेरच्या स्मारकावर आठ हुतात्म्यांची नावे आहेत. स्वातंत्र्यलढ्याचा भाग म्हणून आपण चिरनेर आठवतो आणि कुळांचा लढा म्हणून चरी. दोन्हींचा धागा एकच आहे: जमीन हातात नसलेल्या माणसाला जगवणारे जे सामाईक आहे, ते राखणे.

चरीतून मुंबईला

इथे एक मोठा फरक ध्यानात घ्यायला हवा. १९२८ चा बारडोलीचा सत्याग्रह देशभर गाजला. तो जमीनधारक शेतकऱ्यांनी सरकारी साऱ्याच्या वाढीविरुद्ध केला होता. समोर परके सरकार असल्याने सगळे देशी नेतृत्व एका बाजूला उभे राहू शकले. चरीत समोर देशी खोत आणि सावकार होते. त्यांच्यातले कित्येक त्याच प्रतिष्ठित वर्तुळात वावरत, ज्यातून राजकीय पुढारी येत. परक्या सत्तेविरुद्ध बोलणे सोपे असते. आपल्याच शेजाऱ्याच्या खळ्यावर जाऊन हिशेब मागणे कठीण.

तो हिशेब मागायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. १९२७ मध्ये याच जिल्ह्यात, महाडला, चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला होता. पाण्यासारख्या सामाईक गोष्टीवरचा हक्क तिथे त्यांनी माणुसकीचा हक्क म्हणून मांडला. संप चालू असताना १९३४ मध्ये चरीला भरलेल्या शेतकरी परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले. १५ ऑगस्ट १९३६ रोजी त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. आगरी, कुणबी, मराठा आणि महार कुळे एका मागणीखाली आली, ही त्या काळातली साधी गोष्ट नव्हती. जातीने वेगळे काढलेले लोक खळ्यावर एकाच हिशेबाने लुटले जात होते, आणि तो हिशेबच त्यांना जोडणारा ठरला.

१७ सप्टेंबर १९३७ रोजी आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोताला भरपाई देऊन मधला दुवा काढावा आणि जमीन कसणाऱ्याचा सरकारशी थेट संबंध जोडावा, हा त्याचा गाभा. त्याच वर्षी नारायण नागू पाटील यांनी ‘कृषीवल’ सुरू केले. कुळांना आपला हिशेब छापून मांडण्याची जागा मिळाली.

१० जानेवारी १९३८ रोजी सुमारे २५,००० शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. कोकणातून माणसे बोटींनी आणि पायी आली होती. आंबेडकरांसोबत शामराव परुळेकर, इंदुलाल याज्ञिक अशी मंडळी होती. शिष्टमंडळाने तेव्हाचे पंतप्रधान बाळ गंगाधर खेर यांच्यापुढे मागण्या ठेवल्या. प्रांताच्या मुख्यमंत्र्याला तेव्हा पंतप्रधान म्हणत. विधेयक काही संमत झाले नाही. पण चरीची मागणी आता एका तालुक्यापुरती राहिली नव्हती. पुढे शामराव परुळेकर आणि गोदावरी परुळेकर यांनी ठाणे जिल्ह्यात वारल्यांना संघटित केले आणि १९४५ मध्ये तिथे वेठबिगारीविरुद्ध मोठा उठाव झाला.

कायद्याने काय दिले, कोणाला दिले नाही

अखेर महसूलमंत्री मोरारजी देसाई चरीला आले. कुळांना संरक्षण देण्याचे मान्य झाले आणि १९३९ मध्ये संप मिटला. त्याच वर्षीच्या मुंबई कुळकायद्यात ‘संरक्षित कूळ’ ही कल्पना आली. १ जानेवारी १९३८ पूर्वी सलग सहा वर्षे जमीन धारण केलेल्या कुळाला मालक मनाला येईल तेव्हा हुसकावू शकत नाही, असा त्याचा अर्थ. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कुळवहिवाट कायदा आला. १९४९ मध्ये खोती नष्ट करण्याचा कायदा झाला. आणि १ एप्रिल १९५७ हा दिवस कृषक दिन ठरला: त्या दिवशी जमीन कसत असलेले कूळ कायद्याने तिचे खरेदीदार मानले गेले.

१९३३ ची एक सभा आणि १९५७ चा सातबारा यांच्यामध्ये चोवीस वर्षे गेली. आंदोलनाचे फळ मोजताना हे अंतर विसरू नये. संप मिटला त्या दिवशी कोणाच्याही नावावर जमीन झाली नव्हती. पण कुळाचे नाव कागदावर लागले पाहिजे, ही गोष्ट नाकारणे तेव्हापासून अशक्य झाले.

या यशाची मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. कायद्याने ज्याचे नाव कूळ म्हणून लागले होते त्याला जमीन दिली. दुसऱ्याच्या शेतावर मजुरी करणाऱ्याला, मिठागरात राबणाऱ्याला, डोंगरकडेला वाडी करून राहणाऱ्या कातकऱ्याला काहीच मिळाले नाही. ज्या जमिनीवर कातकऱ्यांची घरे होती, तीही पुष्कळ ठिकाणी दुसऱ्याच्या नावावर राहिली. कागदावर नाव असणे हीच न्यायाची अट ठरली, की ज्यांचे नाव कधीच कोणत्या कागदावर नव्हते ते बाहेर राहतात. चरीच्या लढ्याचा अभिमान बाळगताना हे उरलेले काम विसरता येणार नाही.

जमीन पुन्हा मागितली गेली

कुळे मालक झाली, आणि एका पिढीतच त्यांच्या जमिनीला नवे मागणीदार आले. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे-बेलापूर पट्टा, पनवेल आणि उरणमधल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या मुंबईसाठी घेण्याचे ठरले. पाठोपाठ न्हावा-शेवा बंदर आले. सरकारने देऊ केलेला मोबदला आणि त्या जमिनीला येऊ घातलेली किंमत यांत जमीन-अस्मानाचे अंतर होते.

जासईचे दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उतरले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी दास्तान फाटा आणि नवघर इथे पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के योजना आली. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकाला परत द्यायचा, असे तिचे सूत्र आहे. यातली कल्पना महत्त्वाची. जमिनीची वाढणारी किंमत हा केवळ घेणाऱ्याचा नफा नाही, देणाऱ्याचाही तिच्यात वाटा आहे, हे सरकारला मान्य करावे लागले.

२००५ मध्ये विशेष आर्थिक क्षेत्रांचा (सेझ) कायदा झाला. उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतली ४५ गावे महामुंबई सेझसाठी घेण्याचा प्रस्ताव आला. प्रकल्प रिलायन्सचा, क्षेत्र सुमारे १०,००० हेक्टर. प्रा. एन. डी. पाटील, उल्का महाजन आणि अनेक स्थानिक कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून विरोध संघटित केला. पेणच्या २२ गावांच्या जमिनी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रात होत्या. तिथे २१ सप्टेंबर २००८ रोजी जनमत घेण्यात आले. जमीन द्यायची की नाही, हा प्रश्न जमीनधारकांना मतपत्रिकेवर विचारला जाणे ही देशात अपूर्व गोष्ट होती. बहुसंख्यांनी विरोधात मत दिले. संपादनाची मुदत उलटली आणि प्रकल्प बारगळला. १९३३ मध्ये कूळ म्हणून नाव लागावे यासाठी लोक लढले होते. ते नाव लागले होते म्हणूनच २००८ मध्ये त्यांच्या हातात मतपत्रिका आली.

आजचा हिशेब

मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो बोट सुरू झाली. १२ जानेवारी २०२४ रोजी २१.८ किलोमीटरच्या अटल सेतूचे उद्घाटन झाले. त्याचा रायगडकडचा शेवट चिर्ले इथे, जासईच्या शेजारी आहे. मुंबई जवळ आली, आणि अलिबाग-उरणच्या जमिनीला पूर्वी कोणी कल्पिले नसतील असे भाव आले. विषमतेचे रूप पालटले. खोत गेला, वेठ गेली, खळ्यावरची वाटणीही गेली. आज दरी आहे ती वाढत्या किमतीवर धनी होणारा आणि त्याच किमतीमुळे गावात घर बांधणे न परवडणारा यांच्यात. ज्याची जमीन विकून झाली, ज्याला मुळात जमीनच नव्हती, आणि ज्याची उपजीविका खाडीवर आहे, असे लोक या वाढीच्या बाहेर उभे आहेत.

खाडीचे काय झाले, हे एका निकालावरून कळते. बंदर आणि भराव यांमुळे मासेमारीच्या जागा गेल्या, कांदळवने तुटली, म्हणून उरण-पनवेल भागातले पारंपरिक मच्छीमार राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात गेले. फेब्रुवारी २०१५ मध्ये न्यायाधिकरणाने १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५.१९ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश न्हावा-शेवा बंदर चालवणारी जेएनपीटी, सिडको आणि ओएनजीसी यांना दिला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. तरीही या आदेशाचे महत्त्व कमी होत नाही. खाडीचा सातबारा कोणाच्या नावावर नसतो, म्हणून तिच्यावर जगणाऱ्याचे नुकसान हे नुकसानच नव्हे, असे समजण्याची रीत होती. न्यायाधिकरणाने त्या नुकसानाला रुपयांत मोजले.

चरीच्या संपाचा सर्वांत मोठा धडा इथे उपयोगी पडतो. ज्याच्यापाशी नाकारण्याची ताकद आहे, तोच वाटाघाटीला बसू शकतो. चरीच्या कुळांनी सहा वर्षे खोताला नाही म्हटले, कारण खाडी आणि डोंगर त्यांना जगवत होते. खाडी भरावाखाली गेली, डोंगराला कुंपण पडले, गावठाणालगतचे गायरान विकले गेले, तर पुढच्या पिढीपाशी नाही म्हणण्याची ताकद उरणार नाही. मोबदल्याची रक्कम कितीही मोठी असो, ती एकदाच मिळते. सामाईक साधन रोज मिळते, आणि ज्याचे नाव कुठल्याच कागदावर नाही अशा मजुराला आणि कातकऱ्यालाही मिळते.

म्हणून एखाद्या प्रकल्पाची चर्चा ऐकताना वाचकांनी तीन प्रश्न विचारावेत. ही जमीन कोणाच्या श्रमाने घडली? मोबदल्याच्या यादीत नसलेले कोण कोण तिच्यावर जगते? आणि जमीन गेल्यावर गावापाशी सामाईक असे काय उरते? हे प्रश्न ग्रामसभेत विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे. तो वापरावा, विचारलेल्या प्रश्नांची नोंद इतिवृत्तात करून घ्यावी आणि ती नोंद जपून ठेवावी. चरीच्या माणसांना कागदावर नाव लागायला चोवीस वर्षे लागली. आपल्यापाशी तो कागद आज आहे. तो कोरा ठेवण्याचे कारण नाही.